किती खारं, ते सांगा

पहाटे 5

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. अमरावतीत या दिवसांत पहाटे अजून गारवा असतो, पण अकरा वाजले की ऊन टोचायला लागतं. सामान रात्रीच मांडून ठेवलंय. जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळलेल्या दोन ब्युरेट, दहा मिलिलिटरची पिपेट, सहा कोनिकल फ्लास्क, पोटॅशियम क्रोमेटची छोटी बाटली, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. आणि तपकिरी काचेच्या बाटलीत सिल्व्हर नायट्रेट. ही बाटली डिकीत जात नाही, मी मांडीवर घेऊन बसते. तिला उजेड सोसत नाही, आणि आमच्या वर्गणीचा मोठा वाटा या एका रसायनावर जातो. चांदी महागली की मंडळाचं अंदाजपत्रक हलतं.

मंडळ म्हणजे अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांचं. सीनियर कॉलेजचे आहेत, ज्युनिअरचे आहेत, शाळांवरचे काही आहेत. वार्षिक सभा एक वर्ष अमरावतीला, एक वर्ष अकोल्याला. यंदा अकोला. सचिव म्हणून हे माझं चौथं वर्ष.

6.15

नेहमीचा रस्ता बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. 2022 च्या जूनमध्ये याच महामार्गावर 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला होता. त्या रस्त्याने दोन तासांच्या आत पोचता येतं. पण आज जाताना आम्ही वलगाव-दर्यापूरचा रस्ता धरलाय, कारण पाण्याच्या बाटल्या भरायच्या आहेत.

वलगावला पेढी नदी ओलांडताना गाडीतले सगळे क्षणभर गप्प होतात. गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 ला इथेच देह ठेवला. दिवसा गावाचे रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनातून लोकांची डोकी, हा त्यांचा रिवाज. आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ते नाव पदवीच्या कागदावर शोभतंच, पण ते गावात जाऊन काम करायलाही सांगतं, असं मला मनापासून वाटतं.

7.30

दर्यापूर तालुक्यातलं एक गाव. इथून खारपाणपट्टा सुरू होतो म्हणण्यापेक्षा इथे आपण त्याच्या पोटात असतो. सातपुडा आणि दक्षिणेकडचं पठार यांच्या मधलं पूर्णा नदीचं हे सपाट खोरं, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत साडेचार हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास पसरलेलं. खाली नदीगाळाचे जाड थर. जमिनीला उतार नाही, काळ्या चिकणमातीतून पाणी झिरपत नाही, उन्हात त्याची वाफ होते आणि मीठ मागे राहतं. पावसाळ्यात चौफेर पाणी दिसतं, आणि विहिरीचं पाणी मात्र तोंडात घेववत नाही.

हापशावर एक मावशी कळशी भरत होत्या. आधी पाच मिनिटं हापसा हापसून पाइपातलं साचलेलं पाणी काढून टाकावं लागतं, तेव्हा कुठे खालचं खरं पाणी येतं. आमचे दोघं हापसायला लागले तशा त्या हसल्या. मी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली, काठोकाठ भरली, झाकण लावलं, चिठ्ठीवर गाव, हापशाची जागा, तारीख, वेळ लिहिली. खिशातल्या मीटरवर पीएच पाहिला, 8.2. पीएच जागेवरच घ्यावा लागतो, वाटेत बदलतो. क्लोराइड बदलत नाही, ते अकोल्याला मोजलं तरी चालतं.

"काय पाहून राह्यल्या बाई?"

"पाणी खारं आहे का ते तपासतोय, मावशी."

"खारं हाय हे तं आमाले ठाऊकच हाय. पिढ्या गेल्या आमच्या. किती खारं हाय, ते सांगा."

मी चिठ्ठी लिहायची थांबले. सव्वीस वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना गुणात्मक विश्लेषण आणि परिमाणात्मक विश्लेषण यांतला फरक फळ्यावर लिहून देते आहे. तो फरक या बाईंनी कळशी कमरेवर घेता घेता एका वाक्यात सांगितला. काय आहे ते जीभही सांगते. किती आहे ते सांगायला ब्युरेट लागते.

दुसरी बाटली गावाच्या पलीकडच्या विहिरीवरून. तिथलं पाणी तितकं खारं नाही, पण त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तो दोष वेगळा, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा, म्हणजे कठीणपणाचा. त्यासाठी वेगळी परीक्षा. लोक दोन्हीला 'खराब पाणी' म्हणतात आणि दोन्हींवर तुरटी फिरवतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेलं मीठ बसत नाही. उकळल्यानेही खारेपणा जात नाही, उलट पाणी आटतं तसा वाढतो. हे दर वर्षी, दर गावात सांगावं लागतं आणि आम्ही सांगतो.

8.45

दर्यापुरात गिला वडा आणि चहा. पुढे पूर्णा ओलांडून अकोला.

10

यजमान कॉलेजची प्रयोगशाळा उघडी मिळाली, हीच आज मोठी गोष्ट. मागे एका कॉलेजने रविवार म्हणून ऐनवेळी किल्ली दिली नव्हती आणि आम्ही सभा व्हरांड्यात उरकली होती. पाण्याचं काम त्या वर्षी झालंच नाही. प्रयोगशाळेवाचून रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी जमावं, याला काही अर्थ नाही असं मी तेव्हा इतिवृत्तात लिहिलं होतं. ते वाक्य काढून टाका, असं दोघांनी सुचवलं. मी काढलं नाही.

ब्युरेट स्टँडला लावल्या. कॉक फिरवून पाहिले. एक गळत होता, त्याला ग्रीज लावलं.

11

सभा. गणपूर्ती झाली. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम, जमाखर्च मंजूर, हिशेब तपासनीसाची नेमणूक. कार्यकारिणीत दोन नावं बदलली, म्हणजे नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज. ही कामं झटपट व्हावीत आणि झाली.

वर्षाचा अहवाल मी वाचला. 2 ऑगस्टला आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची जयंती. ज्यांनी 1924 मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या इंडियन केमिकल सोसायटीचं पहिलं अध्यक्षपद भूषवलं, ते हे राय. त्याच्या एकच वर्ष आधी, 1923 ला, अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झालं होतं, ज्याला आपण पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणू लागलो. वऱ्हाडात विज्ञानाचं उच्च शिक्षण इतकं जुनं आहे, हे मुलांना सांगितलं की ती ताठ बसतात. 23 ऑक्टोबरला मोल दिन, अकरावीच्या मुलांसाठी. नोव्हेंबरमध्ये रसायनशास्त्राची राष्ट्रीय मानक परीक्षा, जिच्या वाटेने मुलं ऑलिंपियाडपर्यंत जातात. तिची आमच्या भागात तयारी करून घेणारे हात फार थोडे आहेत. मग येत्या 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन, आठ शाळांत प्रयोग.

चर्चा अपेक्षेप्रमाणे एका मुद्द्यावर तापली. पुढच्या वर्षी मोठी परिषद घ्यावी, शोधनिबंध मागवावेत, सगळ्यांना प्रमाणपत्र मिळेल, असा प्रस्ताव आला. प्रस्ताव मांडणाऱ्यांची अडचण मला कळते. बढतीसाठी कागद लागतात. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या तरुण मंडळींना तर मुलाखतीच्या वेळी एकेका कागदाचा आधार असतो. तरीही मी विरोधात बोलले. परिषदेचा खर्च मांडव, जेवण आणि छपाईवर जाईल आणि सिल्व्हर नायट्रेटला पैसे उरणार नाहीत. प्रमाणपत्र द्यायचंच असेल तर पाणी तपासणाऱ्याला द्या, किती नमुने तपासले ते आकड्यात लिहून द्या. मतं घेतली. थोड्या फरकाने पाण्याचं काम राहिलं.

1

जेवण. वरण, रोडगे, वांग्याची भाजी. गोवऱ्यांच्या धगीवर भाजलेल्या रोडग्यात तूप मुरलं की सकाळचा सगळा वाद निवतो. प्रस्ताव हरलेल्या सरांनीच मला आग्रह करून दुसरा रोडगा वाढला.

2

आता आजचं खरं काम.

सकाळच्या हापशाचं पाणी दहा मिलिलिटर पिपेटने घेतलं, डिस्टिल्ड वॉटर घालून पन्नास केलं. पोटॅशियम क्रोमेटचे थेंब घातले तसं फ्लास्कमधलं पाणी पिवळंधमक झालं. ब्युरेटपुढे उभी राहिली ती आमची सगळ्यात नवी सदस्य, दोन वर्षांपूर्वी एमएस्सी झालेली, तासिका तत्त्वावर शिकवणारी. डाव्या हाताने कॉक, उजव्या हाताने फ्लास्क गोल गोल फिरवत. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडला की तिथे पांढरा, दह्यासारखा साका येतो. थेंबाभोवती क्षणभर लालसर कडं दिसतं आणि फ्लास्क हलवताच जातं. जोवर क्लोराइड शिल्लक आहे तोवर चांदी आधी त्याच्याशीच बांधली जाते. ते संपलं की मगच ती क्रोमेटकडे वळते आणि विटकरी रंग टिकून राहतो. तिथे थांबायचं.

पहिल्यांदा ती पुढे गेली. फ्लास्क नुसता विटेसारखा लाल. कोणी काही बोललं नाही. ज्येष्ठ सरांनी एवढंच म्हटलं, "फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवा मॅडम, आणि शेवटी अर्धा थेंब घ्या." अर्धा थेंब म्हणजे ब्युरेटच्या टोकाला लोंबकळता ठेवायचा, फ्लास्कच्या काठाला टेकवायचा आणि धुऊन खाली घ्यायचा. पुस्तकात वाचून हे हाताला येत नाही. दुसऱ्यांदा 8.4. तिसऱ्यांदा 8.4. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरला 0.2 लागलं, ते वजा केलं. उरले 8.2 मिलिलिटर. आमच्या द्रावणाच्या एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम क्लोराइड, म्हणजे दहा मिलिलिटर पाण्यात 8.2 मिलिग्रॅम आणि एका लिटरमध्ये 820.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरी काहीच सोय नसेल तर 1000 पर्यंत चालवून घ्यावं. मावशींचा हापसा या दोन आकड्यांच्या मध्ये, वरच्या टोकाकडे आहे.

विहिरीच्या पाण्याला ईडीटीए लावलं. अमोनिया बफरचा वास नाकात गेला, वाईनसारखा लाल रंग जांभळा होत स्वच्छ निळा झाला. कठीणपणा लिटरला 492 मिलिग्रॅम. मर्यादा 200, सोय नसेल तर 600.

4

कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले आमचे एक सदस्य जमिनीवर बोलले. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्यात 1969 पासून आहे आणि खारपाणपट्ट्याची जमीन हा त्याचा घरचाच प्रश्न. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो, कण विखुरतात, छिद्रं बुजतात, पाणी वरच तुंबतं. जिप्सम टाकलं की त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. सुटलेलं सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर धुऊन जायला मात्र चर हवा. चर नसेल तर जिप्समचे पैसे वाया. हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि दोनदा सांगण्यासारखंच ते आहे. शेततळ्यात धरलेलं पावसाचं गोड पाणी हेच या भागात ओलिताचं भरवशाचं पाणी, हेही.

कोणीतरी विचारलं, मूत्रपिंडाचे आजार याच पाण्यामुळे का? गावोगाव हा प्रश्न येतो. मी उत्तर दिलं की निदान करणं डॉक्टरांचं काम आहे, आपलं काम आकडा देणं आहे. मीठ किती, कठीणपणा किती, फ्लोराइड आणि नायट्रेट किती, हे गावनिहाय, वर्षानुवर्षं लिहून ठेवलं तर डॉक्टरांना त्यावर काम करता येईल. नागपूरला 1958 पासून नीरीसारखी संस्था पाण्यावर काम करते आहे, तिच्या पद्धती आपल्याला उपलब्ध आहेत. त्या वापरायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

6

परतीला महामार्ग. मूर्तिजापूरपर्यंत सगळे बोलत होते, पुढे बहुतेक झोपले. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग पडलेत. ते आठवडाभर राहतील.

9.30

इतिवृत्त उद्या. आज आधी गावाचा कागद. मोठ्या अक्षरांत, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल असा: हापशाचं पाणी, क्लोराइड लिटरला 820 मिलिग्रॅम. असावं 250 पर्यंत. हे पाणी धुण्या-भांड्याला वापरा, प्यायला नळयोजनेचं किंवा दुसरं तपासलेलं पाणी घ्या. तुरटीने किंवा उकळून खारेपणा जात नाही. खाली तपासणीची तारीख आणि सही. पुढच्या रविवारी दोघं जण तो कागद घेऊन जाणार आहेत आणि मावशींना आकडा तोंडी सांगणार आहेत.

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या गावचं पाणी असं असेल तर एक लिटरची स्वच्छ बाटली घ्या. हापसा पाच मिनिटं हापसा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, गाव, जागा आणि तारीख लिहा, आणि जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात नेऊन द्या. तिथे कोणी विचारलं की काय तपासायचं, तर किती ते तपासून द्या, असं सांगा.