टेलिफोनची बटणे आणि एक कलाशाखेचा पदवीधर

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या आम्हा कारकुनांची बोटे कॅल्क्युलेटरला सरावलेली. त्यावर ७-८-९ वरच्या ओळीत, तर टेलिफोनवर आणि एटीएमवर वर १-२-३. बेरीज संपवून फोन लावायला घेतला की बोट हमखास चुकते. टेलिफोनवरचे आकडे असे कोणी मांडले, हे शोधताना आम्हाला जॉन कार्लिन हे नाव सापडले.

'यूजर एक्सपीरियन्स डिझाइन' हे शब्द आज विद्यार्थ्यांच्या तोंडी आहेत. वस्तू वापरणारा माणूस कुठे अडतो, कुठे चुकतो, हे पाहून तिची रचना करायची, असा त्याचा साधा अर्थ. हे नाव रूढ केले १९९३ साली अ‍ॅपल कंपनीत गेलेल्या डॉन नॉर्मन यांनी. काम मात्र त्याहून जुने. पालक आम्हाला विचारतात, "त्यासाठी इंजिनिअरच व्हावे लागते का हो? आमची मुलगी आर्ट्सला आहे."

कार्लिन यांचा जन्म १९१८ साली जोहान्सबर्ग येथे झाला. केप टाउन विद्यापीठात तत्त्वज्ञान, मानसशास्त्र व संगीत घेऊन ते पदवीधर झाले. व्हायोलिनही वाजवीत. पुढे त्यांनी शिकागोला मानसशास्त्रात डॉक्टरेट केली आणि विद्युत अभियांत्रिकीही शिकून घेतली, हे विसरता कामा नये. १९४५ मध्ये ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागले. तिथले ते पहिले संशोधक मानसशास्त्रज्ञ.

त्यांची एक गंमत सांगतात. टेलिफोनची वायर किती लांब हवी? लोकांना विचारत न बसता त्यांनी सहकाऱ्यांच्या फोनच्या वायरी गुपचूप एकेक इंच कमी करविल्या. फूटभर कमी होईपर्यंत कुणाच्या लक्षातच आले नाही! बटणांच्या बाबतीतही तेच धोरण. त्यांच्या विभागाने आकड्यांच्या निरनिराळ्या मांडण्या करून माणसांकडून नंबर दाबून घेतले. लागलेला वेळ, झालेल्या चुका, पसंती, सारे नोंदविले. त्यातून आजची मांडणी ठरली आणि १९६३ मध्ये बटणांचा टेलिफोन अमेरिकेत ग्राहकांच्या हाती आला.

हे वाचून आम्हाला आमचेच काउंटर आठवले. स्लिपवरचा रकाना असतो बोटभर, रक्कम अक्षरी लिहायची हातभर, आणि बोलणी खातो खातेदार. आम्हीही बोललो आहोत, कबूल करतो. चूक त्या रकान्याची होती, हे तेव्हा सुचले नाही.

त्या पालकांना आम्ही एवढेच सांगितले: मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून डिझाइनचे शिक्षण मिळते. तिथल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी 'सीड' परीक्षा असते आणि तिला कोणत्याही शाखेचा तीन वर्षांचा पदवीधर बसू शकतो. परीक्षेत रेखाटन करावे लागते. तेव्हा मुलीच्या हाती पेन्सिल आणि वही आजच द्या.