डोंगरगावांची वहिवाट (भाग ६) : किब्बर आणि चिचम

हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 4,200 मीटर उंचीवर किब्बर हे गाव वसले आहे. 2011च्या जनगणनेत येथे 77 कुटुंबे आणि 366 माणसे नोंदली गेली. ज्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात हे गाव येते, त्याचे क्षेत्रफळ 13,800 चौरस किलोमीटरहून अधिक आणि लोकसंख्या त्याच जनगणनेनुसार 31,564. म्हणजे दर चौरस किलोमीटरला जेमतेम दोन माणसे. जमीन अफाट असली तरी खोरे पर्जन्यछायेत आहे. बर्फ वितळून येणारे पाणी पाटाने जेथवर नेता येते, तेवढीच जमीन पिकते.

या तुटपुंज्या शेतीचे तुकडे पडू नयेत म्हणून स्पितीत वारशाची एक कडक रीत रूढ झाली. घर आणि शेत थोरल्या मुलाकडे जाते. त्याचा संसार सुरू झाला की आईवडील मोठे घर, म्हणजे ‘खांगचेन’, त्याच्या स्वाधीन करून ‘खांगछुंग’ या धाकट्या घरात राहायला जातात. धाकटे मुलगे पूर्वी बहुधा लामा होत. किब्बरच्या खालच्या अंगाला असलेला की गोंपा हा खोऱ्यातील मोठा मठ. धाकटे मुलगे मठात गेल्यामुळे वेगळ्या चुली मांडल्या जात नसत आणि कुटुंबांची संख्याही फारशी वाढत नसे. शाळा आणि नोकऱ्यांमुळे ही रीत आता सैल होत चालली आहे.

बाहेरच्या जगाशी किब्बरचा जुना संबंध उत्तरेकडून होता. सुमारे 5,600 मीटर उंचीच्या परांग ला खिंडीतून लडाखशी व्यापार चाले आणि स्पितीचे घोडे त्या वाटेने जात. आज गावाचे तोंड दक्षिणेला, काझाकडे वळले आहे. उपविभागाचे हे ठाणे सुमारे 20 किलोमीटरवर असून दवाखाना, बाजार, कचेरी या सगळ्यांसाठी तेथेच उतरावे लागते. काझाहून पुढे दोन रस्ते फुटतात. कुंझुम ला ओलांडून मनालीकडे जाणारा रस्ता हिवाळ्यात बंद असतो. किन्नौरमार्गे शिमल्याला जाणारा बारमाही मानला जातो, पण दरडी आणि हिमस्खलनाने तोही अडतो. हिरव्या वाटाण्याचे पीक येथे रुजले ते याच रस्त्यांच्या भरवशावर. बार्ली घरी खाण्यासाठी, वाटाणा विकण्यासाठी. आणि तोडलेला वाटाणा ट्रकची वाट पाहत फार दिवस टिकत नाही.

शेजारचे चिचम गाव किब्बरहून समोर दिसते. मधे मात्र सांबा लांबा नाल्याची सुमारे दीडशे मीटर खोल घळ आहे. पूल होण्यापूर्वी घळीवर तारेचा झुला होता. लोखंडी पाळण्यात बसायचे आणि दोराने तो ओढत पलीकडे न्यायचा. माणसांबरोबर सामानसुमानही असेच जाई. झुला टाळायचा तर घळीत उतरून पुन्हा चढावे लागे. आजारी माणसाला किंवा बाळंतिणीला हे दोन्ही मार्ग सारखेच जीवघेणे होते.

या घळीवरचा पूल 2017मध्ये खुला झाला. काम सुमारे दीड दशक रेंगाळले. या उंचीवर वर्षातले मोजकेच महिने बांधकाम करता येते, हे खरे. तरीही एवढ्या काळात चिचमची एक अख्खी पिढी झुल्यावर वाढली, ही बाब गंभीर मानली पाहिजे. आता गाडी थेट चिचमच्या दारात जाते, आणि तेथून लोसर गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालाही लागता येते.

आशियातील सर्वाधिक उंचीवरच्या पुलांपैकी एक म्हणून या पुलाचा गाजावाजा होतो आणि पर्यटक त्यावर थांबून छायाचित्रे काढतात. पुलाची खरी कसोटी मात्र जानेवारीत लागते. तेव्हा बर्फाने काझाचा रस्ता बंद झाला, तर पूल असूनही दोन्ही गावे अडकून पडतात. म्हणून पुलाइतकेच महत्त्व रस्त्यावरचा बर्फ वेळेवर हटवण्याला आणि हिवाळ्यात गावातच औषधोपचार मिळण्याला दिले गेले पाहिजे.