रंगेहाथ पकडल्यानंतर

सातबारावर वारसनोंद घालायला पैसे मागितले, अशी तक्रार १०६४ या हेल्पलाइनवर आली की कोल्हापूरचे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे पथक लगेच धावत सुटत नाही. आधी पडताळणी. तक्रारदाराकडे व्हॉइस रेकॉर्डर, सोबत पंच, आणि साहेबांच्या तोंडून मागणी निघेपर्यंत बोलणे. ‘बघून घ्या की’ एवढ्यावर भागत नाही.

मग नोटा. प्रत्येकीचा क्रमांक पंचनाम्यात उतरतो, तिला फिनॉल्फ्थेलीनची पांढरी पूड चोळली जाते. पूड लागलेली बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून पंचांना दाखवतात. पाणी गुलाबी होते. तक्रारदाराला बजावतात : मागितल्याशिवाय द्यायचे नाही, हात मिळवायचा नाही, पैसे घेतले की ठरलेली खूण करायची. पंच दुसऱ्याच सरकारी खात्यातले असतात. या कामाची हौस असलेला पंच विरळाच, पण पुढे खटला तोलायचा तो त्यांच्याच साक्षीवर.

पेपरात ‘रंगेहाथ’ छापून येते आणि वाचकाच्या लेखी प्रकरण मिटते. कोर्टात मात्र तो रंग पुरत नाही. मागणीच सिद्ध झाली नाही, तर नुसत्या नोटा सापडून गुन्हा शाबीत होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बी. जयराज प्रकरणात स्पष्ट केले. आरोपीच्या वकिलाचा भर मग तक्रारदारावर. तो फितूर झाला तर? १५ डिसेंबर २०२२ रोजी नीरज दत्ता प्रकरणात घटनापीठाने ही पळवाट अरुंद केली : तक्रारदार फितूर झाला किंवा वारला, तरी इतर साक्षीपुराव्यांवरून मागणी शाबीत करता येते. पडताळणीचा किचकटपणा इथे कामी येतो.

खटल्याला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरीही लागते. २०१८ च्या दुरुस्तीने त्यासाठी तीन महिन्यांची, फार तर आणखी एका महिन्याची मुदत घातली.

कायदा न्यायाधीशाच्या दालनापाशी थबकत नाही. साताऱ्यात जामिनासाठी ५ लाख मागितल्याच्या आरोपावरून डिसेंबर २०२४ मध्ये थेट जिल्हा न्यायाधीशांवरच गुन्हा नोंदला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना बडतर्फ केले. खात्यातून काढणे आणि कोर्टात दोषी ठरणे या मात्र वेगळ्या गोष्टी.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते. साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सहा जिल्ह्यांतली अपिले आता तिथे चालतात. पंचाने उलटतपासणीत दिलेले एकेक उत्तर तिथे पुन्हा वाचले जाते.