स्टेडियमखालची कालगणना

अॅरिझोना विद्यापीठाने १९३७ साली टूसॉनमध्ये झाडांच्या वलयांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा सुरू केली. जागा नव्हती, म्हणून तिची सोय फुटबॉल स्टेडियमच्या बैठकींखाली झाली, अर्थातच तात्पुरती. हा तात्पुरता मुक्काम २०१३ सालापर्यंत चालला. आपल्याकडची सरकारी कार्यालयं पाहिलेल्या वाचकाला याचं नवल वाटायचं कारण नाही. पण जगभरच्या इतिहासपूर्व काळाच्या तारखा बदलायला लावणारं काम याच बैठकींखाली झालं.

संस्थापक अँड्र्यू डग्लस मूळचे खगोलशास्त्रज्ञ. सौरडागांच्या चक्राचा माग झाडांत लागतो का, हे ते शोधत होते. कोरड्या वर्षी वलय बारीक, ओल्या वर्षी रुंद. बारीक-रुंद वलयांचा हा क्रम एका भागातल्या सगळ्या झाडांत जुळतो. त्यामुळे जिवंत झाडाची आतली वलयं जुन्या ओंडक्याच्या बाहेरच्या वलयांशी जुळवत मागे मागे जाता येतं.

१९५०च्या दशकात याच प्रयोगशाळेचे एडमंड शुलमन कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटन्समध्ये तीन हजार मीटरवरच्या ब्रिसलकोन पाइनपर्यंत पोहोचले. १९५७मध्ये त्यांना ‘मेथुसेला’ हे झाड सापडलं. वय साडेचार हजार वर्षांच्या वर. पुढच्याच जानेवारीत, पन्नाशीही न गाठता, शुलमन गेले. त्यांची वलयांची मालिका वेस्ली फर्ग्युसन यांनी पुढे नेली. तिथली हवा इतकी थंड, कोरडी आणि लाकूड इतकं राळयुक्त, की मेलेली खोडंही हजारो वर्षं न कुजता डोंगरावर पडून राहतात. ती जोडत जोडत १९६९पर्यंत मालिका सात हजार वर्षांपलीकडे गेली.

हे काम डोळे फोडणारं आहे. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीपेक्षा बारीक कांडी काढायची (झाड त्याने मरत नाही), खाचेच्या लाकडी पट्टीवर डिंकाने चिकटवायची आणि अधिकाधिक बारीक पॉलिश पेपरने घासायची, पेशी दिसू लागेपर्यंत. मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी: दर दहा वर्षांना सुईचा एक ठिपका, पन्नासला दोन, शतकाला तीन. ब्रिसलकोन मोठं लबाड. दुष्काळी वर्षी खोडाच्या एखाद्या भागात ते वलय धरतच नाही. म्हणून एकाच कांडीच्या मोजणीवर इथे कुणी विश्वास ठेवत नाही. दहा झाडांची साक्ष काढावी लागते.

तिकडे विलर्ड लिबी यांनी १९४९मध्ये कार्बन-१४ कालमापन, म्हणजे जुन्या जैविक वस्तूत उरलेल्या कार्बन-१४वरून तिचं वय काढणं, मांडलं आणि १९६०मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पद्धतीच्या पोटात एक गृहीतक होतं: हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण सदासर्वकाळ सारखंच होतं. ग्रोनिंगेनचे हेसेल डी व्ह्रीस यांनी १९५८मध्येच त्याला धक्का दिला. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि सूर्याची सक्रियता बदलते, तसं हवेत तयार होणारं कार्बन-१४ कमीजास्त होतं. मग खरं प्रमाण कळायचं कसं? वलयावरून. त्या वर्षीच्या हवेतला कार्बन वलयात जातो. वलय पुरं झालं की त्यात नवा कार्बन जवळजवळ येतच नाही. राळ मात्र वलयावलयांतून फिरते, म्हणून ती धुऊन फक्त सेल्युलोज मोजायचं.

फर्ग्युसन यांनी ज्ञात वयाचं लाकूड पुरवलं आणि ला होयाच्या हान्स स्यूस यांनी ते मोजलं. कार्बनने सहा हजार वर्षं सांगितलेली वस्तू प्रत्यक्षात सुमारे ६,८५० वर्षांची निघू लागली. कार्बनने सांगितलेल्या वयावरून खरं वय देणाऱ्या दुरुस्तीच्या वक्ररेषेत स्यूस यांनी हाताने काढलेली नागमोडी वळणं अनेकांना पटली नाहीत. आयर्लंडच्या ओक वृक्षांवरच्या नेमक्या मोजमापांनी पुढे ती खरी ठरवली. युरोपातली महापाषाणीय थडगी इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी ठरली आणि ‘संस्कृती पूर्वेकडून तिकडे गेली’ हा लाडका सिद्धान्त कोसळला. कॉलिन रेनफ्र्यू यांनी १९७३मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं.

माझ्या मते या गोष्टीत श्रेयाची वाटणी थोडी चुकली. नोबेल घड्याळाला मिळालं. घड्याळ लावून देणाऱ्यांची नावं अभ्यासकांपुरतीच राहिली.

हल्लीच्या ‘इंटकॅल२०’ वक्ररेषेत वलयांचा आधार सुमारे चौदा हजार वर्षांपर्यंत पोहोचतो. त्यापलीकडे तळ्यांचा गाळ, गुहांतले चुनखडीचे स्तंभ आणि प्रवाळ कामी येतात. फुसा मियाके यांनी २०१२मध्ये जपानी देवदारात इ.स. ७७५ची कार्बन-१४ची अचानक उसळी दाखवली. इ.स. ९९३च्या तशाच उसळीपासून सालीपर्यंत वलयं मोजून, कॅनडातल्या व्हायकिंग वस्तीवरची लाकडं १०२१ साली तोडल्याचं २०२१मध्ये सिद्ध झालं.

सगळीकडे इतकी अचूकता मिळत नाही. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात वक्ररेषा सपाट आहे; तिथे चारशे वर्षांतल्या वस्तू जवळपास एकच वय सांगतात. विदर्भातली शिळावर्तुळं साधारण याच काळाच्या आसपासची, म्हणून त्यांच्या तारखा सैल राहतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६०च्या दशकात आपल्या अनेक उत्खननांचे कोळसे मोजले. त्या तारखांपुढे ‘टीएफ’ असा क्रमांक असतो आणि त्या काळी दुरुस्तीची वक्ररेषा हाताशी नव्हती. जुना अहवाल हाती आला, तर त्यातलं साल तसंच उचलू नका. आधी नव्या वक्ररेषेवरून दुरुस्त करून घ्या.