गाबोळीचा हिशेब

पहिल्या दमदार पावसाने ओढे लाल होऊन धावू लागले, की कोकणात चढणीच्या माशांवर झुंबड उडते. हे मासे प्रवाहाविरुद्ध निघालेले असतात ते अंडी घालायला. त्यांच्या पोटातली गाबोळी मात्र पावसाच्या कितीतरी आधीपासून भरत आलेली असते.

दिवस मोठा होतो, पाणी तापतं, तसा मेंदूकडून पीयूष ग्रंथीला इशारा मिळतो. तिच्या संप्रेरकांमुळे अंडाशय इस्ट्रोजेन स्रवू लागतं. खरी मेहनत त्यापुढे यकृताची! ते व्हायटेलोजेनिन हे प्रथिन तयार करतं, रक्तावाटे ते अंडाशयात पोचतं आणि अंड्या-अंड्यात बलक होऊन साठतं. पूर आला नाही किंवा बंधाऱ्याने वाट अडवली, तर तयार अंडी पोटातच जिरून जातात.

आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांचा महाशीर या बाबतीत फारच काटकसरी. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून ज्याची शास्त्रीय नोंद केली, तोच हा. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते, महाशीरची काही हजारच. पण महाशीरचं अंडं बलकाने गच्च भरलेलं, जवळपास तीन मिलिमीटरचं असतं. रोहूची अंडी पाण्याबरोबर वाहत जातात आणि दिवसाच्या आत फुटतात. महाशीरची जड अंडी गोट्यांमध्ये बसतात आणि पिल्लू बाहेर यायला तीन-चार दिवस घेतात. तेवढ्यात वाळूउपशाचा गाळ वर बसला, तर प्राणवायूअभावी ती गुदमरतात. म्हणूनच महाशीरची एक गाबोळीची मादी मारली जाते तेव्हा होणारं नुकसान मला रोहूपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

लोणावळ्याजवळच्या वळवणला टाटांच्या केंद्रात 1970च्या दशकापासून महाशीरची अंडी हाताने काढून, फलित करून पिल्लं वाढवली जातात. मोलाचंच काम आहे ते. पण इथली पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथला नारिंगी परांचा, पाठीवर वशिंड असलेला महाशीर आज अतिसंकटग्रस्त आहे आणि त्याच्या ऱ्हासामागे या पाहुण्यांचाही वाटा असल्याचं संशोधकांचं म्हणणं आहे. नर-मादी ज्या नदीतले, पिल्लंही त्याच नदीत सोडायला हवीत. शिवाय अंडी बसायला तिथे स्वच्छ गोटे आणि चढायला मोकळी वाट शिल्लक हवी.