लंडनचा भाकड दिवस

31 ऑक्टोबर 2024, रात्रीचे साडेदहा. खुलताबादला ताईच्या घरी दुसऱ्या दिवशीच्या लक्ष्मीपूजनाची मांडामांड चाललेली. लाह्या-बत्तासे निवडून झालेले, नवी केरसुणी कोपऱ्यात उभी, परातीत पिकायला ठेवलेली सीताफळं. तेवढ्यात लंडनहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. जावईबापूंच्या हातात चकली.

‘आई, नमस्कार करतो दोघं. आमचं लक्ष्मीपूजन झालं.’

‘अगं, उद्याय ना! पंचांग तरी बघायचं.’

‘बघितलं म्हणूनच आज केलं.’

ताईने फोन माझ्याकडे दिला. पोरगी सातासमुद्रापार जाऊन सणच चुकली, हे सांगायला तिला मामा हवा होता. मला मात्र भाचीची बाजू घ्यावी लागली.

आधी हे दोघं दिवाळीत तिकडे कसे, ते सांगतो. लग्नानंतरची पहिली दिवाळी, म्हणजे दिवाळसण. जावयाने सासुरवाडीला यायचं, पाटावर बसून तेल-उटणं लावून घ्यायचं, पाडव्याला बायकोने ओवाळायचं, सासऱ्याने अंगठी नाहीतर कपडे करायचे. आमच्या जावयांनी आधीच सांगितलं होतं, अंगठी नको, तिकिटाला हातभार लावा. नोकरी करणाऱ्या जोडप्याला सलग सुट्टी मिळते ती याच आठवड्यात. त्यामुळे पर्यटन कंपन्यांच्या जाहिराती दसऱ्याआधीच सुरू होतात आणि दिवाळसण विमानात बसतो. खुलताबादकराला त्यासाठी आधी मुंबई गाठावी लागते, एवढाच काय तो फरक.

आता तारखेचा घोळ. तिथी म्हणजे चोवीस तासांचा दिवस नव्हे. चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. कधी ती 19-20 तासांत उरकते, कधी 26 तासांपर्यंत लांबते. ती सुरू होते आणि संपते तो क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो, फक्त त्या क्षणी कुणाच्या घड्याळात दुपार असते, कुणाच्या पहाट. सण मात्र ठरतो तिथल्या सूर्यावर. अभ्यंगस्नानाला पहाटेची चतुर्दशी लागते. लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळातली, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या साधारण सव्वादोन-अडीच तासांतली अमावास्या लागते.

त्या वर्षी अमावास्या आपल्याकडे 31 तारखेला दुपारी 3 वाजून 52 मिनिटांनी लागली आणि 1 नोव्हेंबरला संध्याकाळी 6 वाजून 16 मिनिटांनी संपली. म्हणजे दोन्ही संध्याकाळी ती होती. पहिल्या दिवशी भरपूर, दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर जेमतेम काही मिनिटं. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री पाध्यांनी 1790 च्या सुमारास लिहिलेल्या ‘धर्मसिंधु’त अशा वेळी दुसरा दिवस घ्यावा असा निर्णय आहे. सोलापूरच्या दाते पंचांगाने तोच धरला, महाराष्ट्राने 1 तारखेला पूजन केलं. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी 31 लाच झालं आणि त्यावरून वादही रंगला.

लंडनचं घड्याळ तेव्हा आपल्या साडेपाच तास मागे. तिथे अमावास्या 31 ला सकाळी 10:22 ला लागली आणि 1 तारखेला दुपारी 12:46 ला संपलीसुद्धा. दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्ताला ती शिल्लकच नव्हती. म्हणजे तिथे वादच नाही, 31 लाच पूजन. त्याच पहाटे चतुर्दशी होती, तेव्हा अभ्यंगस्नानही त्याच दिवशी. खुलताबादला दोन दिवसांत होणारी दिवाळी लंडनला एका दिवसात उरकली. पाडवा मात्र दोन्हीकडे 2 तारखेला. त्यामुळे तिकडे 1 नोव्हेंबर मधल्या मध्ये भाकड गेला.

पूर्वेकडे जा, गोष्ट वेगळी. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे, तिथे मराठी हिशेबाने पूजन 1 तारखेलाच आलं. पण तिथली सरकारी दीपावली 31 ला, कारण ती तमिळ माणसांची, नरक चतुर्दशीची. सरकारी सुट्टीची तारीख बघून पूजा मांडणारं जोडपं तिथे फसलं असतं.

हे सगळं ताईला पटेना. पटवलं ते शेजारच्या चाचींनी. ती दोघं नवरा-बायको त्याच वर्षी रमजानात उमऱ्याला गेली होती. रोजे इथे सुरू केलेले, 12 मार्चला. सौदीत ते एक दिवस आधी सुरू झालेले, आणि ईदही एक दिवस आधी आली, 10 एप्रिलला. गावात ईद 11 ला. गावाचे 30 रोजे झाले, चाचा-चाचींचे 29. ‘चांद जिथे दिसतो तिथली ईद, बाई,’ चाची म्हणाल्या, ‘आम्ही मक्केत शीरखुर्मा खाल्ला तेव्हा पोरं इथे रोजा धरून होती.’ ताईने मान डोलावली. धर्मसिंधूचं वजन जिथे पडलं नाही तिथे शीरखुर्म्याचं पडलं. या गावाला ते नवीनही नाही. शिराझहून आलेल्या जैनुद्दीनांचा दर्गा इथे, भद्रा मारुतीही इथे, आणि दोन्हीकडचे उत्सव चंद्राच्याच हिशेबाने.

भाचीच्या बॅगेचा हिशेब मात्र चंद्रावर चालत नाही. ताईने आग्रहाने घातलेल्या खोबऱ्याच्या वाट्या मुंबईलाच काढाव्या लागल्या. सुकं खोबरं तेलकट, साठून राहिलं की आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात मोडतं. फुलबाजा तर विचारायलाच नको. भारतातून ब्रिटनमध्ये दूधदुभतं नेता येत नाही, त्यामुळे खव्याचे पेढे आणि तुपाची बरणी घरीच राहिली. चकली, चिवडा, शंकरपाळे गेले. हॉटेलच्या खोलीत पणती लावली तर धुराचा भोंगा वाजणार, म्हणून सेलवरच्या दिव्यांवर भागवलं. तिळाचं तेल छोट्या बाटलीत, उटणं पुडीत, आणि टबात उभं राहून अभ्यंग. जावयांना पाट नाही मिळाला.

लंडनला 1932 पासून महाराष्ट्र मंडळ आहे, पण दोघांना तिथे जायचं नव्हतं. दिवाळसण दोघांनीच करायची हौस होती, ती मला समजते. एकत्र कुटुंबात पाडव्याला ओवाळताना बायकोच्या मागे आत्या, काकू, नणंदा उभ्या असतात. तिकडे 31 च्या संध्याकाळी साडेचारलाच सूर्य बुडाला, रस्त्यावर हॅलोविनची पोरं भोपळ्याचे दिवे घेऊन हिंडत होती, आणि यांनी खिडकीत दोन दिवे ठेवले. भाचीने त्या भोपळ्याचा फोटो आईला ‘आमचा आकाशकंदील’ म्हणून पाठवला. ताईला तो अजिबात आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी, 1 तारखेला, सहाच्या सुमारास खुलताबादला सूर्य मावळला. ताईने समई लावली, वहीवर कुंकवाची बोटं उठवली आणि कॉल लावला. तिकडे दुपारचे साडेबारा. दोघं एका बागेत बाकावर डबा उघडून बसलेले, अंगावर कोट, समोर बदकं. ‘हात जोडा,’ ताई म्हणाली. ‘आमचं काल झालंय, आई.’ ‘असू दे. आमचं आज आहे.’ जावयांनी चकली डब्यात ठेवून हात जोडले. आरती संपता संपता माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. सहा वाजून सोळा. आमची आणि त्यांची, दोघांचीही अमावास्या तेव्हाच संपली होती.