रात्रीतून बदलणारी मोटार आणि मालकाची सावधगिरी

सौदा पुरा केव्हा होतो, हे व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. मालाची पारख झाली, भाव ठरला, पैसे चुकते झाले आणि माल ताब्यात आला, की व्यवहार संपला. पुढे मालात दोष निघाला तर तक्रार होते, प्रसंगी माल परतही जातो. परंतु विकलेला माल विक्रेत्याने रात्रीतून परस्पर बदलून ठेवला, असे आपल्या पेढीवर कधी घडत नाही. विजेवर चालणाऱ्या नव्या पिढीच्या मोटारींच्या बाबतीत मात्र नेमके हेच घडते आहे. मालक झोपलेला असताना, दारात उभ्या असलेल्या गाडीत इंटरनेटच्या मार्गाने नवे सॉफ्टवेअर उतरते. आणि सकाळी जी गाडी रस्त्यावर येते, ती आदल्या दिवशीच्या गाडीहून काही बाबतींत निराळी असते.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले आज अमेरिकेत स्थायिक आहेत आणि त्यांपैकी कित्येकांच्या दारात अशी मोटार उभी आहे. आता आपल्याकडेही या गाड्या येऊ लागल्या आहेत. म्हणून या बदलांविषयी तेथील मालकांचा अनुभव काय सांगतो, त्यात लाभ कोणता व जोखीम कोणती, हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

घरबसल्या सुधारलेले ब्रेक

या पद्धतीचा रूढ प्रसार केला तो अमेरिकेतील टेस्ला कंपनीने. तिची ‘मॉडेल एस’ ही मोटार २०१२ साली ग्राहकांच्या हाती पडली, तेव्हापासून दूरस्थ अपडेटची सोय तिच्यात होती. गाडीच्या पडद्यावर किंवा मोबाईलवर सूचना येते, मालक संमती देतो, गाडी काही वेळ उभी राहते आणि नंतर काय बदलले याची यादी पडद्यावर दिसते.

या सोयीचे सर्वांत बोलके उदाहरण २०१८ सालचे आहे. ग्राहकांच्या वतीने वस्तूंची तपासणी करणाऱ्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकन संस्थेने ‘मॉडेल ३’ गाडीचे ब्रेक तपासले. ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर वेगावरून थांबण्यास गाडीला १५२ फूट लागले. हे अंतर फार आहे, असे सांगून संस्थेने गाडीची शिफारस नाकारली. काही दिवसांतच कंपनीने ब्रेकच्या नियंत्रणाचे नवे सॉफ्टवेअर पाठविले आणि फेरतपासणीत ते अंतर १३३ फुटांवर आले. कोणत्याही कारागिराने पाना हाती धरला नाही, एकही सुटा भाग बदलला नाही. तरी थांबण्याचे अंतर १९ फुटांनी घटले. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने १९ फुटांचे मोल काय आहे, हे सांगावयास नको. संस्थेनेही नंतर शिफारस दिली.

याच नाण्याची दुसरी बाजू २०१७ साली दिसली. फ्लोरिडा राज्यावर ‘इर्मा’ चक्रीवादळ येत असताना लोक घरे सोडून निघाले होते. काही टेस्ला गाड्यांत मोठी बॅटरी बसविलेली होती, परंतु ग्राहकाने कमी किमतीची गाडी घेतल्यामुळे तिची क्षमता सॉफ्टवेअरने मर्यादित ठेवली होती. कंपनीने संकटकाळापुरती ती मर्यादा उठविली आणि त्या गाड्या अधिक पल्ला गाठू शकल्या. मालकांना दिलासा मिळाला. परंतु विचार करणाऱ्यांच्या मनात एक प्रश्नही उभा राहिला. वस्तू आपल्या दारात आहे, तिची किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती आहे, तर मालकी नेमकी कोणाची?

‘स्वयंचलित’ या शब्दाचा अर्थ

ब्रेक किंवा बॅटरी यांहून अधिक नाजूक विषय आहे तो गाडीने स्वतः चालण्याचा. मोटार अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने स्वयंचलनाचे शून्य ते पाच असे सहा स्तर ठरविले आहेत. दुसऱ्या स्तरावर गाडी स्टिअरिंग, वेग व ब्रेक सांभाळते. पण रस्त्यावर लक्ष ठेवण्याचे काम आणि सर्व जबाबदारी चालकाचीच असते. तिसऱ्या स्तरापासून, ठरावीक परिस्थितीत का होईना, हे लक्ष ठेवण्याचे काम यंत्रणेकडे जाते.

टेस्लाच्या गाडीला आपली मार्गिका धरून चालण्याची सोय ऑक्टोबर २०१५ मध्ये एका अपडेटद्वारेच मिळाली. शहरातील रस्ते, चौक व वळणे हाताळणारी ‘फुल सेल्फ ड्रायव्हिंग’ ही पुढची यंत्रणा ऑक्टोबर २०२० मध्ये निवडक मालकांना चाचणीसाठी देण्यात आली. नावाचा अर्थ ‘पूर्ण स्वयंचलन’ असा होत असला, तरी मालकांच्या हाती असलेली ही यंत्रणा दुसऱ्या स्तराचीच आहे. २०२४ मध्ये कंपनीने नावापुढे ‘देखरेखीखालील’ अशा अर्थाचा शब्द जोडला. जो खुलासा पावतीच्या पहिल्या ओळीत असावयास हवा होता, तो साडेतीन वर्षांनी आला.

मालकांनी काय अनुभवले

प्रारंभीच्या आवृत्त्यांविषयी मालकांचे मत बहुधा एकसारखे होते : कौतुक वाटते, पण गाडी चालविण्यापेक्षा तिच्यावर पहारा ठेवण्याचेच श्रम अधिक होतात. गाडी चौकात अडखळे, समोरून येणाऱ्या वाहतुकीला छेदून वळताना पुढे सरके, थबके, पुन्हा सरके. मोकळ्या महामार्गावर काही कारण नसताना अचानक ब्रेक लागण्याच्या तक्रारी तर इतक्या आल्या, की अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे ४ लाख १६ हजार गाड्यांची चौकशी आरंभिली.

चाचणीत प्रवेश देण्याची रीतही लक्षणीय होती. सप्टेंबर २०२१ पासून कंपनीने मालकांच्या वाहनचालनाला गुण देण्यास सुरुवात केली. जोराने ब्रेक लावणे, वेगात वळणे, पुढच्या गाडीच्या अति जवळ जाणे यांसाठी गुण कापले जात आणि शंभरपैकी शंभर मिळविणाऱ्यांना यंत्रणा प्रथम मिळे. याने अनेकांची वागणूक सुधारली. परंतु सिग्नल पिवळा झाला असता, ब्रेक लावल्यास गुण जातील म्हणून तसेच पुढे जाण्याचा मोह होतो, असेही काही मालकांनी सांगितले. माप गुणांचे लागले, की माणूस गुण सांभाळतो. सुरक्षितता हा मूळ हेतू मागे पडतो. दुकानातील नोकरांना विक्रीच्या आकड्यावर बक्षिसे देणाऱ्या प्रत्येक मालकाला हा अनुभव परिचित असेल.

२०२४ च्या प्रारंभी आलेली बारावी आवृत्ती हा मोठा टप्पा ठरला. त्यापूर्वी शहरात गाडीने कसे वागावे याचे नियम अभियंत्यांनी लिहिलेले असत. कंपनीच्या सांगण्यानुसार अशा ३ लाखांहून अधिक ओळी काढून टाकण्यात आल्या आणि माणसांनी चालविलेल्या गाड्यांच्या असंख्य चित्रफितींवरून शिकलेल्या यंत्रणेकडे ते काम सोपविण्यात आले. मालकांना फरक तत्काळ जाणवला. वळणे सफाईदार झाली, रस्त्याकडेला उभ्या वाहनाला वळसा घालताना गाडी माणसासारखी वागू लागली. मात्र नव्या उणिवाही दिसल्या. कधी मार्गिका शेवटच्या क्षणी बदलणे, कधी वेगमर्यादेचा अंदाज चुकणे. नियम लिहिलेला असेल तर चुकीचे कारण शोधता येते. शिकलेल्या यंत्रणेने असे का केले, हे सांगणे तिच्या निर्मात्यांनाही कठीण जाते.

आणखी एक गोष्ट अनुभवी मालक आवर्जून सांगतात. प्रत्येक अपडेट सर्वच बाबतींत पुढचे पाऊल असते असे नाही. एखादा चौक जी गाडी गेल्या महिन्यात निर्विघ्न पार करी, तीच नव्या आवृत्तीनंतर तेथे गोंधळू शकते. त्यामुळे गाडीविषयी महिनोन्महिने जमविलेला अनुभव एका रात्रीत अंशतः जुना होतो.

हिशेबाची बाजू

या सोयीच्या किमतीचा इतिहास व्यापाऱ्याने पाहावा असा आहे. २०२० च्या अखेरीस ती १० हजार डॉलरना मिळत असे. जानेवारी २०२२ मध्ये १२ हजार, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये १५ हजार, पुढील सप्टेंबरमध्ये पुन्हा १२ हजार आणि एप्रिल २०२४ मध्ये ८ हजार. त्याच सुमारास मासिक वर्गणी १९९ वरून ९९ डॉलरवर आली. ज्याने १५ हजार एकरकमी दिले, त्याला त्याच रकमेत ९९ डॉलरची वर्गणी साडेबारा वर्षांहून अधिक काळ भरता आली असती. शिवाय ही सोय मालकाच्या नव्हे, तर गाडीच्या नावे असते. गाडी विकली की सोयही गेली. २०२३ मध्ये नव्या गाडीवर ती नेण्याची मुभा देण्यात आली, तीही मर्यादित मुदतीपुरती.

याहून मोठी खोट निराळीच. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केले होते, की यापुढील सर्व गाड्यांत पूर्ण स्वयंचलनास लागणारी यंत्रसामग्री असेल. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीप्रमुख इलॉन मस्क यांनी मान्य केले, की तिसऱ्या पिढीचा संगणक असलेल्या ज्या गाड्यांसाठी ही सोय विकत घेतलेली आहे, त्यांचा संगणक बदलावा लागेल. उद्या येणाऱ्या गुणासाठी आज दिलेला पैसा, ही खरेदी नसून एक प्रकारची उधारी आहे. आणि उधारी देताना आपण जी चौकशी करतो, ती येथेही करावयास हवी.

खरी जोखीम कोठे आहे

पैशाचे नुकसान भरून निघते. जिवाचे निघत नाही. आणि येथे एक विलक्षण विसंगती आहे. यंत्रणा वाईट असते तेव्हा चालक सावध असतो. ती जसजशी सुधारते, तसतसा तो निश्चिंत होतो. आणि शंभरदा अचूक चाललेली गाडी एकशेएकाव्या वेळी चुकते, तेव्हा त्याचे लक्ष रस्त्यावर नसते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ साली स्वयंचलनातील विसंगतींवर लिहिलेल्या लेखात हेच मांडले होते. सोपे काम यंत्राकडे गेले, की माणसाकडे उरते ते सर्वांत अवघड काम, आणि त्याचाच सराव त्याला राहत नाही.

सरकारी नोंदी याला दुजोरा देतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे ५४ हजार गाड्यांतील एक सोय सॉफ्टवेअरने काढावी लागली, कारण ‘थांबा’च्या पाटीपाशी पूर्ण न थांबता हळूच पुढे जाण्याची मुभा गाडीला दिलेली होती. म्हणजे कायदा मोडण्याची सवय सोयीच्या नावाखाली गाडीत घातली होती आणि दंड मात्र भरावा लागणार होता चालकाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ३ लाख ६२ हजारांहून अधिक गाड्यांना चौकातील वर्तनासाठी दुरुस्ती पाठविण्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये चालकाच्या लक्षावर अधिक कडक नजर ठेवण्यासाठी २० लाखांहून अधिक गाड्यांत बदल झाले. त्यानंतरही अपघात घडल्याचे आढळल्याने तो उपाय पुरेसा होता काय, याची चौकशी एप्रिल २०२४ मध्ये सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी एक चौकशी आरंभली गेली ती सूर्याची तिरीप, धुके व धूळ यांमुळे दृश्यता कमी असताना झालेल्या चार अपघातांसंबंधी. त्यांपैकी एकात पादचाऱ्याचा मृत्यू झाला होता.

आपल्या घरासाठी

टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात पहिले दालन उघडले. ‘मॉडेल वाय’ची किंमत ५९ लाख ८९ हजार रुपयांपासून आणि स्वयंचलनाच्या सोयीचे ६ लाख रुपये वेगळे, असे तेव्हाचे दर होते. तथापि हा प्रश्न केवळ महागड्या परदेशी गाडीचा नाही. एमजी, महिंद्रा, टाटा यांच्या गाड्यांतही दुसऱ्या स्तराच्या सोयी मिळू लागल्या आहेत. आपल्या रस्त्यांवर मार्गिकेच्या रेषा पुसट असतात, विरुद्ध बाजूने दुचाकी येते, मध्येच गुरे उभी असतात. अशा ठिकाणी चालकाची जबाबदारी अधिकच वाढते.

म्हणून वाचकांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. नवे अपडेट आले की बदलांची यादी पूर्ण वाचावी. पहिली फेरी दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर आणि शक्यतो एकट्याने करावी. मुलांना शाळेत सोडण्याच्या घाईत नव्हे. गाडी घरातील जे जे चालवितात, त्या सर्वांना काय बदलले ते सांगावे. पतीने रात्री अपडेट घेतले आणि सकाळी पत्नी जुन्याच समजुतीने गाडी घेऊन निघाली, असे होऊ नये. समोरून ऊन येत असेल, धुके किंवा जोराचा पाऊस असेल, तर ही सोय बंद ठेवावी. गावाहून आई-वडील आले असता त्यांना चमत्कार दाखविण्यासाठी हात सोडून बसू नये. आणि अमेरिकेतील मुलाशी बोलताना गाडी किती शहाणी झाली हे त्याने सांगितले, तर कौतुक जरूर करावे, परंतु तिच्यावर त्याची नजर किती असते, हेही विचारावे.

खरेदी करताना गाडी आज जे करते, त्याचेच मोल करावे. पुढे जे मिळेल ते वरकड समजावे. सॉफ्टवेअर कितीदाही बदलले, तरी दुसऱ्या स्तराच्या गाडीत अपघाताचा जाब स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसालाच द्यावा लागतो. त्या जागी बसताना एवढे लक्षात राहिले, तर या नव्या साधनाचा लाभ निर्धास्तपणे नव्हे, पण नि:शंकपणे घेता येईल.